नव्वद मिलिलिटर

दार उघडं ठेवायचं, असा नियम आहे.
शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली,
आणि मी उभा, जिथून सगळं दिसेल तिथे.
सतरा वर्षं हेच पाहत आलोय
एर्मोसियोच्या स्टेडियमखालच्या या खोलीत,
जिथे एरवी बेसबॉलवाल्यांचे बूट वाळतात.
घरी सांगितलंय : प्रयोगशाळेचं काम.

आज नाबोर किन्योनेस.
दहाव्या फेरीत पडला, उठला, पुन्हा पडला.
त्या पोराने त्याला पाणी पाजलं.
आता मी पाजतोय :
सीलबंद बाटली, त्यानेच निवडलेली,
झाकण त्यानेच फोडलेलं.
अंगात होतं ते वर रिंगणात सांडून आलाय,
आणि त्याआधी, गुरुवारी, वजनासाठी
वाफेच्या खोलीत बसून
स्वतःला पिळून घेतलं होतं कपड्यासारखं.

होत नाही.
नळ सोडून ठेवला. तरी नाही.
"तू जरा तिकडे बघ ना," तो म्हणाला.
"तेवढंच जमत नाही मला," मी म्हणालो.

तोवर फॉर्म.
गेल्या सात दिवसांत काय काय घेतलं?
दाढेची गोळी. नाव आठवत नाही, पांढरी.
सासूने दिलेला कॅमोमाइलचा चहा.
मांस?
तो हसला, सुजल्या ओठांनी जमेल तेवढं.
बायकोची, दोमितिलाची, भाजल्या मांसाची गाडी आहे
बस डेपोसमोर.
अकरा आठवडे तो तिथे कोळसे पेटवतो,
पुठ्ठ्याने वारा घालतो,
आणि घरी जाऊन अंडी खातो.
कारण गुरं फुगावीत म्हणून जे चारतात
ते माझ्या बाटलीत निघतं,
आणि बाटलीला गाय कळत नाही,
माणूस तेवढा कळतो.
"नुसत्या वासाने येतं का रे?"
नाही, म्हणालो.
खरं तर मला माहीत नव्हतं.

पलीकडच्या खोलीतला जिंकलेला पोरगा
केव्हाच भरून, सही ठोकून गेला.
जिन्यात त्याच्या माणसांच्या शिट्ट्या, मग मोटारी,
मग कुणीतरी दिवे घालवले.

एक वाजता, चाळीस.
पुरत नाहीत, नव्वद लागतात.
अर्धवट नमुना बंद केला, पुन्हा बसलो.
मधल्या खुर्चीवर त्याच्या हातांच्या पट्ट्या,
कात्रीने कापलेल्या,
अजून मुठींचा आकार धरून.

पावणेतीनला उठला.
जे आलं ते जास्वंदीच्या सरबतासारखं,
बाजारात काचेच्या बरण्यांत ठेवतात ना, तसं.
डावी कूस. सातव्या फेरीपासून तिथेच बसत होते.
आम्ही दोघांनी पाहिलं,
त्या रात्री पहिल्यांदाच एका गोष्टीकडे दोघांनी.
फॉर्मवर प्रमाण आहे, घनता आहे, वेळ आहे.
रंगाला रकाना नाही.
खाली शेऱ्याची एक ओळ असते, तिच्यात लिहिलं :
डॉक्टरांना कळवले.
डॉक्टर पोराच्या पार्टीला गेले होते, फोन वाजत राहिला.

अ बाटली. ब बाटली.
झाकण फिरतं तेव्हा आत दाते टकटकतात,
उलटं फिरत नाही.
"स्वच्छ निघेल ना?" त्याने विचारलं,
भिंतीला हात टेकून.

मग त्याला माझ्या गाडीत घालून
सरकारी इस्पितळात नेलं.
हे नियमात बसत नाही.
कुठे लिहिलंही नाही.

निकाल माझ्याकडे येत नाहीत.
पाकीट विमानाने जातं, मी पुढच्या दाराशी उभा राहतो.

सप्टेंबरात डेपोसमोर थांबलो.
धुरात तोच. कपाळावर टाक्यांची रेघ,
एका हाताने चिमटा, दुसरा कमरेवर, डाव्या बाजूला.
मला ओळखलं नाही.
त्या रात्री माझ्या तोंडाकडे तो बघेल कशाला?
"कांदा?" त्याने विचारलं.
"घाल," म्हणालो.
बोलताना तो काहीतरी चावत होता.